कानतुटका कप

कुंदा,

तुला जाऊन अजून आठवडाही झाला नाही आणि मी दुपारच्या चहाला दीड कप पाणी ठेवते आहे. पातेलं गॅसवर चढवलं की मग लक्षात येतं. तरी पाणी काढून टाकत नाही. उकळू देते. भिंतीपलीकडे, तुझ्या घरात, गावाहून आलेल्या तुझ्या मोठ्या जाऊबाई खोकत असतात. भावोजी मध्येच उठून नळ घट्ट करतात. तो नळ तुझ्याशिवाय कुणाच्या हाताला नीट बंद होत नाही हे त्यांना आता कळतंय.

वरचा अर्धा कप तुझा. तुझ्या भाषेत ‘कंपनी’चा.

या एका शब्दावरून आपण जितकं भांडलो तितकं पाण्यावरूनसुद्धा भांडलो नाही, आणि आपल्या कॉलनीत पाण्यावरून काय काय होतं ते सगळं घाटकोपर जाणतं. मी टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर. दिवसभर कानात इंग्रजी ओतून घेतल्यावर घरी मला मराठी शब्द हवा असायचा. तू गोळ्यांच्या कंपनीत पॅकिंगला. तुझ्या तोंडी कंपनी दिवसातून किती वेळा यायची याला सुमार नव्हता. कंपनीत जातंय. कंपनीन सुट्टी दिली नाय. तुझ्या मालकांची गिरणी संपात गेली ती कायमची, तेव्हा भांडुपला वॉचमनची नोकरी लागल्यावर तू पेढे वाटलेस आणि सांगितलंस, ‘आता आमी दोघां पण कंपनीत.’ चांगला प्रेशर कुकर म्हणजे ‘कंपनीचो’, फेरीवाल्याकडचा म्हणजे असाच. समोरच्या इमारतीतला पोरगा पत्ते कुटायला लागला तेव्हा तो वाईट कंपनीला लागला. आणि पुरुषांनी कंपनी हा शब्द काढला की तू माझ्याकडे बघून डोळे मोठे करायचीस, कारण त्यांची कंपनी बाटलीचं बूच उघडल्याशिवाय सुरू होत नाही.

हे सगळं मला चालत होतं. चालत नव्हतं ते तुझं ‘कंपनी देतंय’.

त्याची सुरुवात तुला आठवत असेल की नाही, मला माहीत नाही. मला आठवते, कारण मी ती विसरावी म्हणून बरीच वर्षं खटपट केली.

आम्ही माहुलची भाड्याची खोली सोडून इथे राहायला आलो होतो. कपड्यांना अजून तिकडच्या तेलाचा वास येत होता. ट्रंका गॅलरीतच होत्या. तुझ्या सासूबाई, तुम्हा सगळ्यांच्या आये, दारात उभ्या राहून आमचं सामान बघत होत्या. आडनाव विचारलं, मी सांगितलं. गाव विचारलं, तेही सांगितलं. मग भिंतीवर तसबिरी लागल्या आणि विचारायचं काही उरलं नाही. थोड्या वेळानं चहा आला. आयेनी मनानं दिला, उगाच का म्हणू. पण आला तो कान तुटलेल्या कपात, खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर पालथा घातलेला होता त्या कपात.

असे कप मी ओळखते, कुंदा. माणदेशात माझ्या आजीसाठी असा कप पाटलांच्या वळचणीला खोचलेला असे. ती काम करून दमली की तो काढायची, विसळायची, चहा वरून ओतून घ्यायची आणि पुन्हा विसळून तिथेच खोचायची. मी शिकले, मुंबईला आले, पगार आणायला लागले, धम्मही मिळाला, आणि घाटकोपरच्या सरकारी इमारतीत तो कप माझ्याआधी येऊन बसला होता. मी तो हातात धरून उभी होते. प्यावा की ठेवावा ते ठरत नव्हतं.

तेवढ्यात तू पदराला हात पुसत बाहेर आलीस. तेव्हा किती बारीक होतीस! माझ्याकडे पाहिलंस, कपाकडे पाहिलंस, आत जाऊन एक बशी घेऊन आलीस.

‘एकटीन चाय पिवची नसता गो,’ म्हणालीस. ‘दी हयसर. मी कंपनी देतंय.’

आणि माझ्या हातातल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून, उंबऱ्यावर फतकल मारून, फुर्र करून पिऊन टाकलास. आये मागे उभ्या होत्या.  मी उरलेला अर्धा प्याले. साखर जास्त होती.

त्या दिवसापासून आपली गॅलरी ठरली. माझी सकाळची पाळी असली की तू कामावरून आल्यावर, संध्याकाळची असली की तुझ्या सुट्टीच्या दिवशी. कधी माझ्याकडचा चहा, कधी तुझ्याकडचा. माझ्याकडे तू कपाटातले फुलाफुलांचे कप निघाल्याशिवाय बसायची नाहीस. तुझ्याकडचा चहा मात्र त्या एकाच कपात यायचा. कप मला, बशी तुला.

मी एकदा म्हणाले, ‘कंपनी काय गं कंपनी? इतका छान शब्द आहे आपला, सोबत म्हण ना.’

‘सोबत येगळी, कंपनी येगळी,’ तू म्हणालीस.

‘काय वेगळी? इंग्रजांचा शब्द घेतला एवढंच.’

‘माका सांग, तू काळोखातना जाताना सोबत कित्याक मागतंस? भिया वाटता म्हणान. आता हयसर तुका भिया वाटता? नाय ना? मगे ही सोबत कशी?’

मला ते पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही. सोबत हा शब्द भीतीपुरता नाही, जन्मभराची सोबत म्हणतो आपण, लग्नाच्या पत्रिकेवर छापतो. हे मी तुला सांगितलं तर म्हणालीस, ‘लगीन म्हटल्यार भिया नाय तर काय!’ आणि इतकी हसलीस की बशीतला चहा साडीवर. तुझ्याशी वाद घालणं म्हणजे वाट लागायची. मुद्दा माझा बरोबर असायचा आणि हसू तुझं मोठं असायचं.

मनोरीला मात्र मी तुला पकडलं होतं. तुमच्या कंपनीतल्या बायकांची सहल, तू मला ओढून नेलंस. मार्व्याच्या धक्क्यावर फेरीबोट आली. मी दुष्काळी गावातली, गुडघाभर पाण्यापलीकडे कधी उतरले नव्हते, ती ऐटीत कडेला जाऊन बसले. आणि तू, मालवणी मुलखातली, डोळे गच्च मिटून माझा दंड धरलास तो निळा पडेपर्यंत.

‘कोकणातली ना तू?’ मी ओरडले.

‘आमचो गाव डोंगराक! समुद्र बघूक आमी पण तिकीट काढूनच जातंव,’ तू डोळे न उघडता म्हणालीस.

‘मग आता? देऊ का कंपनी?’

‘गप बस गो मेले. आता सोबत कर.’

बोटीतल्या सगळ्या बायका हसल्या. पलीकडे उतरल्यावर तू वाळूत पाय रोवून उभी राहिलीस आणि काहीच झालं नाही अशा थाटात शिंपल्या वेचायला लागलीस. संध्याकाळी परतताना मी दंड आपणहून पुढे केला. तूही धरलास. तुझं सोबत आणि कंपनीचं गणित मला पटलं नसलं तरी त्या दिवशी कळलं होतं.

मग एकदा ऑफिसात आमच्या सुपरवायझरबाईंनी बोलता बोलता सांगितलं की कंपनी हा शब्द फार जुन्या भाषेतून आलाय, आणि त्याच्या पोटात भाकरी आहे. एकत्र बसून भाकरी खाणारे ते कंपनी. मी तो अर्थ दिवसभर जपून घरी आणला. तुला आनंद होईल हे माहीत होतं, आणि मी हरले हेही सांगायचं होतं. तू बशी खाली ठेवलीस.

‘मगे? मी काय सांगत होतंय?’ म्हणालीस. ‘भाकरी नाय तर चाय. बसूक मिळाल्याशी मतलब.’

तेव्हा आये जाऊन वर्ष होत आलं होतं. तुझ्या हाताला गॅलरीचा कठडा होता, माझ्या हातात कप. तोच. कानतुटका.

हेच मला तुला विचारायचं होतं, कुंदा. तेव्हाही आणि नंतर कितीतरी दुपारी. आये होत्या तोवर मी समजू शकत होते. घर त्यांचं, कप त्यांचा, तू तरी काय करणार? तू माझ्या कपातला चहा पितेस यातच मी सुखी होते. पण आये गेल्या, दिवस झाले, गोडाचं जेवण झालं, आणि दुसऱ्या दिवशी तू दार उघडून बाहेर आलीस ती तोच कप घेऊन. आता तुला अडवणारं घरात कोण होतं? फळीवर नवे कप होते, मला दारातून दिसायचे. पाहुण्यांना त्यातून चहा जायचा. मला हा. मी स्वतःला समजावलं की सवय असेल. मग मनात यायचं, सवय म्हणजेच तर ते. माझ्या आजीलाही पाटलीणबाई सवयीनंच देत होत्या.

विचारलं असतं तर काय झालं असतं? तू म्हणाली असतीस, अगो खरंच की, माझ्या लक्षातच नाही. आणि मग मला घरी येऊन रडावं लागलं असतं. म्हणून नाही विचारलं. तुझ्यावरचा राग आणि तुझ्यावरचा जीव या दोन्ही गोष्टी मी एकाच घोटात पीत राहिले. राग थोडा होता. पण होता.

मग तुझी किडनी. पायांवर सूज, तोंडावर सूज, तू म्हणत होतीस बसून बसून जाड झाले. इस्पितळात डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं. दिवसाला एवढंच, त्यात औषधाचंही आलं. तुझे ओठ सुकायचे आणि तू जीभ फिरवायचीस. मी भावोजींसाठी थर्मास घेऊन यायचे. तुझ्यासमोर चहाचा वास नको म्हणून आम्ही दोघं जिन्यात जाऊन प्यायचो. चोरासारखे. तुला दोन दिवसांत कळलं.

‘खंय गेल्लंस?’ तू विचारलंस.

‘कुठे नाही.’

‘तुझ्या तोंडाक वास येता चायचो. माका टाकून पितंस? उघड तो थर्मास. हयसर बस.’

‘कुंदा, तुला चालत नाही तर मी कशी...’

‘मी खंय पितंय? तू पी. मी कंपनी देतंय.’

थर्मासचं रिकामं झाकण तू हातात घेतलंस आणि मी पिईपर्यंत ते धरून बसलीस. मधूनच नाकाशी न्यायचीस. शेजारच्या खाटेवरची बाई बघत होती. मी थांबले की तू मला दटावत होतीस, ‘निवता ती, पी बेगीन.’ त्यानंतर रोज भेटीच्या वेळी मी तुझ्यासमोर चहा प्यायला लागले. आयुष्यात इतका कडू लागलेला चहा मी प्याले नाही आणि इतका हवासा वाटलेलाही नाही.

शेवटच्या संध्याकाळी मी थर्मास उघडायला लागले तेव्हा तू मान हलवलीस. हात पुढे केलास आणि माझा दंड धरलास. मनोरीच्या बोटीत धरलास तसा नाही, आता बोटांत तेवढं बळ नव्हतं.

‘विमल,’ तू म्हणालीस, ‘आज सोबत कर.’

मला सगळं समजलं. आयाबाई म्हणाली, वेळ संपली, एकच माणूस थांबेल. मी उठायला लागले तर भावोजी म्हणाले, ‘तुम्ही बसा विमलताई, मी बाहेर बाकावर आहे.’ नवरा असून त्यांनी त्यांची जागा मला दिली. तुझी भीती मी धरून बसले, जितकी धरता आली तितकी. नंतर ते आत आले, मी बाहेर गेले, आणि पहाटे तू गेलीस.

घरी दिवा लावला. तुमच्यात दहा दिवस तो विझू द्यायचा नाही आणि त्याच्यापाशी कुणीतरी सतत बसायचं. दिव्याला एकटं ठेवायचं नाही. आमच्यात यातलं काही नाही. माझी आई गेली तेव्हा आम्ही पंचशील म्हटलं, चार माणसं जेवली, संपलं. दिव्यात तू आहेस असं मला वाटत नाही. तरी मला तिथे बसायचं होतं. दिव्यासाठी नाही गं. तुझ्या बाजूला बसायची माझी जागा होती, ती एकदम कुठे ठेवायची ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उंबऱ्यापाशी उभी राहिले. तुझ्या जाऊबाई रात्रभर एसटीत बसून आलेल्या, डोळे तांबारलेले. दाटीतून बघून सगळ्यांनाच म्हणाल्या, ‘दिव्याकडे घरचाच माणूस लागता हां.’ त्यांनी माझ्याकडे पाहूनसुद्धा म्हटलं नव्हतं. पण मी मागे सरले. इतक्या वर्षांत उंबऱ्याबाहेर बसायची पायांना सवय झालेली. घरी आले आणि भिंतीला पाठ लावून बसले. पलीकडे दिवा होता, असा अंदाज करून.

तुझ्या घरी चूल पेटवायची नाही म्हणून इमारतीतून डबे जात होते. काल दुपारी माझी पाळी होती. किटलीत चहा घेऊन गेले आणि दारातच थांबले. जाऊबाई म्हणाल्या, ‘ये गो आत, थांब कप काढतंय.’ आत भांडी वाजली. मग त्या बाहेर आल्या, हातात तीन चांगले कप आणि त्यांच्यावर तो.

‘ह्यो कानतुटको कप कोणाचो? टाकून देवया ना? घरात फुटकी वस्तू बरी नाय.’

 म्हणजे आता हेही बोललं जाणार, तुझ्या दिव्यासमोर.

भावोजी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, ‘वैनी, तो टाकू नको. तो कुंदाचो.’

‘कुंदाचो?’

‘तिचोच. सकाळची चाय ती त्यातच पी.’

मी किटली खाली ठेवली. भावोजी माझ्याकडे वळले. माझ्याशी ते नेहमी जपून मुंबईचं मराठी बोलतात.

‘तुम्हाला ठाऊक नाही का, विमलताई? तुम्ही राहायला आलात त्या दिवशी आईनं तो कप बाहेर कट्ट्यावर वेगळा काढला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी हिनं तो आत आणला आणि स्वतःचा चहा त्यात ओतला. आईनं दुसरा कप बाहेर ठेवला. हिनं तोही आणला. तिसरा ठेवला, तोही. असं आठवडाभर चाललं. शेवटी आई म्हणाली, “घरातले सगळे कप बाटवलंस, आता पावण्यांका चाय कशातना देवची?” आणि आईच हसली. मग बाहेर कप ठेवणं बंद झालं. हिनं मात्र तो कानतुटका काही सोडला नाही. मी कंपनीतून बक्षीस मिळालेला सेट आणला, तरी नाही. मी म्हटलं, अगं नवीन घे. तर म्हणाली, ह्यो आमचो दोघींचो हा.’

जाऊबाईंनी तो कप पदरानं पुसला. उगाच, स्वच्छच होता तो. मग माझ्यासमोर ठेवला आणि चहा त्यातच ओतला. ‘बस गो दिव्याकडे,’ म्हणाल्या. ‘मी जरा पाठ टेकतंय. तीन दिस डोळ्याक डोळो नाय.’

मी उंबरा ओलांडला आणि बसले.

कुंदा, भांडायचंय मला तुझ्याशी. एका शब्दानं सांगायचं होतंस. इतकी बडबड केलीस जन्मभर, सगळ्या कॉलनीच्या उखाळ्यापाखाळ्या मला सांगितल्यास, आणि हे नाही सांगितलंस? की सांगायचं तर कप वेगळा का होता तेही तोंडानं म्हणावं लागलं असतं, आणि ते तुला माझ्यासमोर म्हणायचं नव्हतं? तसंच असणार. तू ते पिऊन दाखवलंस, आणि तुला वाटलं, विमलला कळलं.

नव्हतं कळलं गं. काल कळलं.

जाऊबाईंना लगेच झोप लागली. भावोजी खिडकीतून बाहेर बघत होते. मी सवयीनं अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी पुढे केली, मग हात तसाच राहिला. बशी दिव्याशेजारी ठेवली. आमच्यात असं काही करत नाहीत, हे तुला माहीत आहे. हे मी तुमच्या रीतीसाठी केलं नाही. तू सोबत मागितलीस ती त्या संध्याकाळी करून झाली. आता तुला कसलं भिया असणार? ही नुसती कंपनी.

बशीवर साय धरली. माझ्या वाटणीचा मी गरम असतानाच संपवला, नाही तर ओरडली असतीस. कप विसळला आणि कट्ट्यावर नाही, आत तुझ्या फळीवर ठेवला.

इतकी वर्षं मला वाटत होतं, तो कप माझा एकटीचा आहे.